आठशे शहाण्णवची वजाबाकी

छंद या शब्दाला आमच्या घरात कधी फारशी प्रतिष्ठा नव्हती. वडील म्हणायचे, रिकामटेकड्याच्या उद्योगाला लोक छंद म्हणतात. त्यामुळे आयुष्याची तीसएक वर्षं मी कॉम्प्युटरशी जी खटपट करत आलो, तिला नेमकं काय म्हणावं हे मला अजून सुचलेलं नाही. मी या विषयातला शिकलेला माणूस नव्हे. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळण्यात माझी नोकरी गेली. नट-बोल्टांचे हिशेब, आलेला माल, गेलेला माल. पण जी वस्तू चालते ती कशी चालते हे उघडून बघितल्याखेरीज चैन पडत नाही, असा एक स्वभाव असतो. घड्याळ झालं, रेडिओ झाला. १९९७ साली अठरा हजार रुपये मोजून एक वापरलेला ४८६ कॉम्प्युटर घरी आणला, तेव्हा सौभाग्यवतींनी एवढंच विचारलं, "हेही उघडणार का?" उघडला. त्याच रात्री.

पुढे शहरात सायबर कॅफे निघाले. तासाला चाळीस रुपये देऊन लोक परदेशातल्या मुलांना पत्रं पाठवायचे, मी मात्र पानं उलटी करून बघत बसायचो. म्हणजे असं, की वेबवरचं कुठलंही पान ज्या मजकुरावरून तयार होतं तो मूळ मजकूर बघायची सोय त्यातच असते. शिंप्याकडून आलेला सदरा उलटा करून शिवण बघावी तसं. ते सगळं फ्लॉपीवर उतरवून घरी आणायचं, दोन शब्द इकडचे तिकडे करायचे आणि काय होतं ते बघायचं. एचटीएमएल म्हणतात ते मी असं शिकलो, आणि थोडीफार जावास्क्रिप्टही. पुस्तकं नंतर आली.

हे सगळं इंग्रजीत चाललेलं. मराठीचं दुखणं वेगळंच होतं. त्या वेळचे मराठी फॉन्ट म्हणजे सोंग असायचं. मशीनच्या लेखी अक्षर इंग्रजीच, वर फक्त मराठीचा मुखवटा. तुम्ही क लिहिला तरी आत इंग्रजी 'के' किंवा दुसरंच एखादं चिन्ह जाऊन बसायचं. मुखवटा हरवला की खालचा चेहरा उघडा. एका कंपनीचा फॉन्ट घेऊन मी दोन वर्षं घरचे हिशेब, पत्रं, काय काय लिहिलं. नवीन मशीनवर तो फॉन्ट चालेना, आणि सगळं लेखन म्हणजे इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा उकिरडा झाला. या अंकाच्या वाचकांपैकी ज्यांनी त्या काळी छापखान्याशी संबंध ठेवला असेल त्यांना हा अनुभव सांगायला नको.

गंमत अशी, की याहून चांगली व्यवस्था आपल्याकडे आधीपासून होती. पुण्याची सी-डॅक ही संस्था १९८८ मध्ये सुरू झाली. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं जिस्ट नावाचं काम तिने पुढे नेलं. कॉम्प्युटरमध्ये एक कार्ड बसवायचं, की डॉसवर देवनागरी उमटायची. १९९२ च्या सुमारास एका कचेरीत मी ते पाहिलं. पडद्यावर नावांची यादी होती, देवनागरीत. ऑपरेटरने एक बटण दाबलं आणि तीच यादी कानडीत उभी राहिली. टाइप केलेलं काही बदललं नव्हतं. तिथे उभ्या असलेल्या चार माणसांना त्यात विशेष वाटलं नाही, त्यांना त्यांचा दाखला हवा होता. मी मात्र घरी येईपर्यंत तोच विचार करत होतो.

यामागची युक्ती फार साधी आहे. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने इस्की नावाचं मानक पक्कं केलं. त्यात क साठी एकच आकडा आहे, १७९. मराठीचा क असो, कानडीचा असो, बंगालीचा असो, आत लिहायचं १७९ च. कुठल्या लिपीचा कपडा चढवायचा ते वेगळं सांगायचं. कारण आपल्या सगळ्या लिप्यांची मुळाक्षरं एकाच क्रमाने म्हटली जातात. क, ख, ग, घ. बैलहोंगलच्या शाळेतलं पोर जे घोकतं तेच खानापूरच्या मराठी शाळेतलं पोर घोकतं, फक्त पाटीवर गिरवायचं वळण निराळं.

पुढे जगभरच्या सगळ्या लिप्यांसाठी युनिकोड आलं. त्यांनी प्रत्येक लिपीला स्वतंत्र घर दिलं, पण भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली. सरकारी क्वार्टर्स डोळ्यांपुढे आणा. एका ओळीत नऊ इमारती, प्रत्येकीत १२८ खोल्या, सगळ्यांचा नकाशा एकच. पहिली देवनागरीची, मग बंगाली, गुरुमुखी, गुजराती, उडिया, तमिळ, तेलुगू, कानडी आणि शेवटी मल्याळम. आपल्या क च्या खोलीचा नंबर २३२५. सात इमारती ओलांडून त्याच मजल्यावरच्या त्याच खोलीचं दार ठोठावलं की कानडीचा क दार उघडतो, नंबर ३२२१. सात गुणिले एकशे अठ्ठावीस, आठशे शहाण्णवचा फरक. ख ला तेवढाच. ळ ला तेवढाच. एकापासून नवापर्यंतच्या आकड्यांनाही तेवढाच. काही इमारतींत काही खोल्या रिकाम्या आहेत. तमिळला ख, ग, घ लागत नाहीत, तर त्या खोल्यांना कुलूप. पण म्हणून पुढच्या बिऱ्हाडकरूंना कुणी अलीकडे सरकवलेलं नाही.

हा फरक मला पहिल्यांदा कागदावर दिसला तेव्हा मी तो तीनदा मोजला.

आता माझी अडचण सांगतो, ती पुष्कळांची असेल. मला कानडी बोलता येतं. कारखान्यात निम्मे कामगार गोकाक-बैलहोंगलकडचे, भाजीवाली कानडी, आणि आईचं माहेरच बैलहोंगलचं. कुणी कानडीत शिवी घातली तर मला ती अर्थासकट कळते. पण वाचता येत नाही. आमच्या पिढीतल्या कितीतरी मराठी घरांत हीच स्थिती आहे आणि तिची कारणं वाचकांना ठाऊक आहेत, ती इथे उगाळत बसत नाही. लाल बसची पाटी दुसऱ्याला विचारून चढायचं. कचेरीतून आलेला कागद घेऊन शेजारी जायचं. शेजारी वाचून दाखवतो, आणि प्रत्येक शब्द आपल्याला कळतो! म्हणजे अडचण भाषेची नव्हेच, नुसत्या कपड्याची.

तर मी एक लहानसं पान तयार केलं. वर एक चौकोन, खाली एक चौकोन. वरच्यात कानडी मजकूर टाकायचा. प्रोग्रॅम एकेक अक्षर घेतो, त्याचा नंबर ३२०० ते ३३२७ च्या मधला असला तर त्यातून ८९६ वजा करतो आणि खाली मांडतो. बस. आठ ओळींचा प्रोग्रॅम. जोडाक्षरं कशी लावायची, वेलांटी कुठे काढायची, हे काही त्याला सांगावं लागत नाही, कारण मशीनच्या पोटात अक्षरं उच्चाराच्या क्रमाने असतात. 'कि' मध्ये वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण आत आधी क आणि मग वेलांटी. कानडीत ती अक्षराच्या डोक्यावर बसते, तिथेही आत क्रम तोच. जुन्या टाइपरायटरवर हात बसलेल्यांना हे पचायला वेळ लागतो.

पहिला प्रयोग केला तो जमिनीच्या उताऱ्यावर. कर्नाटकातले उतारे भूमी योजनेत कॉम्प्युटरवर आले आणि वेबवरही दिसू लागले, तेव्हा तो मजकूर उचलून मी वरच्या चौकोनात टाकला. खाली आलं: जिल्लॆ, तालूकु, होबळि, ग्राम. खातॆदारर हॆसरु. विस्तीर्ण. सर्वॆ नंबर्. ज्या कागदाची आमच्या घराला चाळीस वर्षं धास्ती वाटत आली, त्यात निम्मे शब्द आपल्या ओळखीचे निघाले.

त्या एकारांवरच्या उलट्या चंद्रासारख्या खुणेकडे वाचकांचं लक्ष गेलं असेल. ती चूक नव्हे. कानडीत ए दोन आहेत, ऱ्हस्व आणि दीर्घ, ओ सुद्धा दोन. आपल्याला एकच. पण खोल्यांचा नकाशा एक असल्यामुळे देवनागरीच्या इमारतीतही ऱ्हस्व ऎ आणि ऒ साठी जागा राखून ठेवलेली आहे, आणि मराठीत ती कधी उघडली जात नाही. मला वाटलं, काढून टाकावी ती खूण, डोळ्यांना खुपते. आमची सूनबाई हुबळीची, कानडी शाळेत शिक्षिका. ती म्हणाली, "मामा, ते काढू नका हं. ऒलॆ म्हणजे चूल, आणि ओलॆ म्हणजे पत्र. चुलीत पत्र जाईल." मी दोन्ही शब्द मोठ्याने म्हणून पाहिले. तोंड बरोबर चाललं, पहिल्यात आखूड, दुसऱ्यात लांब. जन्मभर मी हे नीट बोलत आलो होतो आणि दोन वेगळे ओ आहेत याचा पत्ता नव्हता.

उलट दिशेने गेलं की आपली श्रीमंती कळते. ८९६ मिळवून मराठीचं कानडी करायला गेलो. 'डॉक्टर' लिहिलं तर ड च्या पुढे एक रिकामा डबा! आपला ऑ इंग्रजी शब्दांसाठी घेतलेला, कानडीच्या इमारतीत ती खोली बांधलीय पण राहायला कुणी आलेलंच नाही. ते 'डाक्टर्' लिहितात. मग त्यासाठी एक ओळ वाढवावी लागली. दुसरी अडचण शब्दाच्या शेवटाची. आपण 'घर' लिहितो आणि र चा पाय मोडल्यासारखा उच्चार करतो. कानडी वाचणारा लिहिलंय तसं वाचतो, 'घरऽ'. म्हणून कानडीत मराठी शब्द लिहिताना शेवटच्या अक्षराचा पाय खरोखरीच मोडावा लागतो. कुठे मोडायचा आणि कुठे नाही याचे नियम करता करता माझ्या आठ ओळींच्या साठ झाल्या, आणि अजून पुरे पडत नाहीत.

एक मात्र फार आवडलं. आपला ऱ, 'दुसऱ्या'तला. आचार्यांना बोलावलं की आचाऱ्यांना, हा घोटाळा मराठीत याच अक्षरामुळे टळतो. हिंदीच्या सोयीने केलेल्या व्यवस्थांत हे अक्षर शोधावं लागतं. इन्स्क्रिप्टच्या कीबोर्डवर ते शिफ्ट दाबून 'जे' वर मिळतं. याच नंबरची कानडी खोली उघडली, तर तिथेही एक अक्षर आहे. सूनबाईला दाखवलं, तिने कधी लिहिलेलं नव्हतं. ते जुन्या कानडीतलं अक्षर, आता वापरातून गेलेलं. आपल्याकडे मात्र ती खोली रोज झाडली जाते.

इन्स्क्रिप्टचा विषय निघाला म्हणून सांगतो. भारतीय लिप्यांचा हा अधिकृत कीबोर्ड. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, आणि सगळ्या लिप्यांना एकच मांडणी. क नेहमी 'के' च्या बटणावर. म्हणजे ज्याला मराठी टाइप करता येतं त्याच्या बोटांना कानडी येतंच. मला एक अक्षर ओळखता येत नसलं तरी कुणी बोलत गेलं तर मी कानडी टाइप करू शकतो. यावर पैज मारून मी कारखान्यातल्या एका अकाउंटंटकडून दोन प्लेट मिसळ खाल्लेली आहे.

(जाता जाता: मराठी लोकांनी युनिकोडच्या सुरुवातीच्या वर्षांत ज्या प्रोग्रॅमवर भरपूर मराठी लिहिलं, त्यांतला एक 'बरह'. शेषाद्री वासू यांनी १९९८ मध्ये तो केला तो कानडीसाठी. बरह म्हणजे कानडीत लेखन. आणि विंडोजमधला देवनागरीचा 'मंगल' आणि कानडीचा 'तुंगा' हे दोन्ही फॉन्ट झाले ते आपले कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांच्या देखरेखीखाली. हे मी दोन्हीकडच्या लोकांना सांगतो. दोन्हीकडचे लोक थोडा वेळ गप्प बसतात.)

आता वहीकडे येतो.

आई २००१ साली गेली. तिच्या ट्रंकेत एक लांबट, खाकी पुठ्ठ्याची वही होती. सगळी कानडीत. लग्न होऊन १९५७ मध्ये ती या घरात आली तेव्हा तिला मराठी येत नव्हतं. पुढे आली, इतकी की तिची मराठी ऐकून कुणी तिचं माहेर ओळखलं नसतं. पण लिहिणं कानडीच राहिलं. सहीसुद्धा. वर्तमानपत्र वडील मोठ्याने वाचायचे आणि ती निवडत, टिपत ऐकायची. वहीबद्दल वडील म्हणाले, दुधाचे हिशेब असतील. घरात कुणाला वाचता येत नव्हतं, आणि परक्या माणसाच्या हातात आईची वही द्यावी हे आम्हा तिघा भावंडांपैकी कुणाच्याच मनाला येईना. ती ट्रंकेतच राहिली. थोरली अक्का लग्न होऊन बडोद्याला, धाकटा पुण्याला, वही माझ्याकडे.

माझा पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा आई पदराला हात पुसत दारात उभी राहून बघायची. एकदा म्हणाली, "ह्यात कानडी येतंय काय रे?" म्हटलं, अजून नाही.

मुलगा म्हणतो, आता फोन पुढे धरला की तो वाचतो, भाषांतरही करून देतो, तुमच्या प्रोग्रॅमची गरज काय? छापील मजकुराला फोन चांगलाच आहे, नाही कोण म्हणतो. पण आईच्या पेन्सिलीपुढे त्याने हात टेकले. आणि दुसरं असं, की मला भाषांतर नकोच होतं. अर्थ मला कळतोच की! मला तिचं वाक्य तिच्या कानडीत ऐकायचं होतं, आणि अक्का आणि धाकट्याला ते डोळ्यांनी वाचता यायला हवं होतं. दोघांनाही कानडी कळतं, लहानपणचं आहे ते.

तर गेल्या वर्षीपासून रविवारी दुपारी सूनबाई वही घेऊन बसते आणि वाचत जाते. मी कीबोर्ड कानडीवर ठेवून टाइप करतो. पडद्यावर मला न वाचता येणारी गोल गोल अक्षरं उमटतात, ती मान वर करून तपासते, "हां, बरोबर," म्हणते, आणि मग मी बटण दाबतो. आठशे शहाण्णव वजा. आई बोलायला लागते.

बरेचसे हिशेबच आहेत, वडिलांचं खरं होतं. हालु, सक्करॆ, ऎण्णॆ. एप्रिल १९५७ मध्ये नवे पैसे आले, तेव्हा आणे आणि नवे पैसे यांचा मेळ घालताना तिने समासात आकडेमोड करून ठेवलीय. कुणाकडे किती जोंधळे उसने दिले. एका ठिकाणी नुसतं, "आज पाऊस. माहेरची वाट बंद."

मग वही उलटी करून मागून सुरू केलेली पानं लागली. तिथे दोन रकाने होते. सूनबाई पहिल्या रकान्यातलं वाचायला लागली आणि अडली. म्हणाली, "मामा, हे कानडी नाही. काहीतरीच आहे." म्हटलं, असेल तसं वाच. ती एकेक अक्षर लावून वाचत गेली, मी टाइप करत गेलो, आणि बटण दाबल्यावर खाली आलं:

त्सूल्, वैल्, काथवट्, रोवळी, ओगराळं, फडताळ्, शिंकं.

मी खुर्चीवरून उठलो आणि पुन्हा बसलो. ते मराठी होतं. आजीच्या स्वयंपाकघरातलं, जे शब्द आता माझ्या सुनेलाच काय, माझ्या मुलालाही कळत नाहीत. नवी नवरी सासूच्या तोंडून ऐकलेलं एकेक नाव कानडी अक्षरांत उतरवत होती आणि समोरच्या रकान्यात आपल्या भाषेतला शब्द लिहीत होती. चुलीपुढे ऒलॆ. ताकापुढे मज्जिगॆ. विळीपुढे ईळिगॆ. लोण्यापुढे बॆण्णॆ. तुपापुढे तुप्प, आणि तिथे एक लहानसा गोल केलाय. एवढ्या परक्या शब्दांत हा एक घरचा भेटला म्हणून केला असेल.

शब्दांचे पाय मोडलेले आहेत ते मी तसेच ठेवले. धाकट्याचं म्हणणं पडलं की छापताना शुद्ध करून घे. नाही केलं. कारण तिच्या कानाला जे ऐकू आलं ते तिने लिहिलंय, आणि त्यात आपल्या लिपीला न दिसणाऱ्या गोष्टी आहेत. चूल तिने 'त्सूल्' लिहिलीय, चाळणी 'त्साळणी', पण चिमटा मात्र 'चिमटा'. आपण दोन्हीकडे एकच च लिहितो आणि कुठे कसा म्हणायचा ते मुलं ऐकून शिकतात. तिला ऐकून शिकायला कुणी लहान म्हणून ठेवलं नव्हतं. तिने दोन वेगळे च वेगळे लिहून काढले. व्याकरणाची पुस्तकं ज्याला तालव्य आणि दंततालव्य म्हणतात ते बैलहोंगलच्या मुलीने पेन्सिलीने चुलीजवळ बसून नोंदवलं होतं.

तीनेक आठवड्यांपूर्वी परत हिशेबाच्या पानांवर आलो. नोव्हेंबर १९५७. हालु इतके, ऎण्णॆ इतकं, आणि त्याखाली एक ओळ. सूनबाई म्हणाली, "मामा, ह्या सगळ्यात हा एकच मराठी शब्द दिसतोय." बटण दाबलं.

शिकवणि, २ रू.

डिसेंबरलाही तेच. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. दर महिन्याला दोन रुपये, जून १९५८ पर्यंत. आठ महिने, सोळा रुपये. दूध चार आण्यांचं कमी घेतल्याची नोंद त्याच महिन्यांत आहे. जुलैपासून ती ओळ नाही. ऑगस्टमध्ये थोरली अक्का जन्मली.

आता शिकवणी कुणाची? घरात तेव्हा शाळेत जाणारं कुणी नव्हतं. वडिलांना बहीण-भाऊ नव्हते. माहेरचं कुणी शिकायला इथे राहिल्याचं ऐकलेलं नाही. आमच्या गल्लीत त्या काळी कोण शिकवण्या घेत असे म्हणून मी दोन-तीन म्हाताऱ्यांकडे चौकशी केली. एकाने एका बाईंचं नाव सांगितलं, दुसऱ्याने त्या बाई नंतर राहायला आल्या असं सांगितलं. ते तिथेच थांबलं.

मी पानं छापून बडोद्याला आणि पुण्याला पाठवली. धाकट्याने बरेच प्रश्न विचारले. कशाची शिकवणी, शिवणाची कशावरून नसेल? तेही खरं. शिवण तिला येत होतं.

अक्काचा फोन रात्री आला. ती म्हणाली, "दिवाळी अंक आला की आई दुपारी तो घेऊन माजघरात बसायची, आठवतंय?" आठवत होतं. आम्ही तिला हसायचो, आई चित्रं बघते म्हणून. व्यंगचित्रं, जाहिरातीतल्या साड्या. "चित्रं बघायला दुपारभर लागतेय काय रे?" अक्का म्हणाली, आणि मग बडोद्याच्या उन्हाबद्दल बोलत राहिली.

वहीची एकवीस पानं अजून राहिलीत. मधली काही शाईने लिहिलेली आहेत आणि ओल लागून फुटलीत, ती फोटो काढून पडद्यावर मोठी करून बघावी लागतील. सूनबाईच्या शाळेची सहामाही परीक्षा संपली की पुन्हा बसू. तोवर मी तो ऑ चा रिकामा डबा नीट करतोय.